रिव्हॉल्व्हर, जुने एकक्रिय

फिरत्या दंडगोलातील कप्प्यांत काडतुसे ठेवून ती एकाच नळीतून पाळीपाळीने झाडता येतील अशा आखूड शस्त्रास रिव्हॉल्व्हर म्हणतात. ज्या प्रकारात प्रत्येक बारासाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो व चाप ओढल्याने तो फक्त सुटतो, तो एकक्रिय प्रकार होय. घोडा मागे येत असतानाच दंडगोल एका कप्प्याने फिरतो. द्विक्रिय प्रकारात ही सर्व कामे चापानेच करता येतात.

इतिहास : सॅम्युएल कोल्ट यांना १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळाले. त्यांच्या आरंभीच्या नमुन्यांत दारू व गोळी कप्प्याच्या पुढील तोंडातून भरीत आणि मागे आघातटोपी बसवीत. आरपार छिद्रांच्या दंडगोलाचे रॉलिन व्हाइट यांचे एकस्व (१८५५) वापरण्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या कंपनीकडे होता. त्याची मुदत १८६९ मध्ये संपल्यावर कोल्ट कंपनीने धातूच्या काडतुसांचा ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हा नमुना तयार केला व १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने तो स्वीकारला. १९४१ पर्यंत अशी सु. ३,५७,००० रिव्हॉल्व्हरे तयार झाली. १९५६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाल्याने जुना व नवा नमुना वेगळा ओळखणे आवश्यक झाले.

ओळख : सांगाड्याचा तळ, चापरक्षक व मुठीचा कणा यांवर अनुक्रमांक असतो. हे तिन्ही अंक जुळणे हे भाग मूळचे असल्याचे लक्षण होय. १९५६ नंतरच्या क्रमांकांत ‘एसए’ ही रोमन अक्षरे आढळतात. दंडगोलाचा आस आरंभीच्या सांगाड्यात पुढील बाजूच्या स्क्रूने धरलेला असतो, तर १८९० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या सांगाड्यात तो आडव्या स्प्रिंगयुक्त खिट्टीने धरलेला असतो. पहिला प्रकार काळ्या दारूसाठी बनविलेला असल्याने त्यात धूमहीन दारूची काडतुसे वापरणे धोक्याचे असते. नळीची लांबी घोडदळाच्या शस्त्रात साडेसात इंच (सु. १९ सेंमी.) असे.

जुळणाऱ्या अंकांच्या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. १८९५ पासून सैन्याने आपल्याजवळची अनेक रिव्हॉल्व्हरे परत मागवून त्यांच्या नळ्या साडेपाच इंच (सु. १४ सेंमी.) केल्या. या वेळी सुटे केलेले भाग मूळ क्रमाने पुन्हा जोडले गेले नाहीत. ‘आर्टिलरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रांत भिन्न क्रमांक असणे स्वाभाविक असून सर्व अंक जुळल्यास उलट अधिक बारकाईने तपासणी करावी लागते.

बनावट व पुरावा : सैन्याच्या शस्त्रांवर तपासनिसांची आद्याक्षरे ठोकलेली असतात. ऑरव्हिल एन्सवर्थ यांनी तपासलेल्या आरंभीच्या शस्त्रांचा संबंध लिटल बिगहॉर्नच्या लढाईत (१८७६) उतरलेल्या सातव्या घोडदळाशी येतो. त्यामुळे त्यांना मोठी किंमत येते व खोटे ठसे ठोकण्याचे प्रकारही घडतात. केवळ क्रमांक त्या सुमाराचा असल्याने शस्त्र त्या लढाईत होते, असे ठरत नाही. ठसा, क्रमांक, झीज व कारखान्याच्या उपलब्ध नोंदी यांचा परस्परांशी मेळ बसावा लागतो. गुळगुळीत झालेल्या कडा, पसरट झालेली स्क्रूंची छिद्रे व पुसट अक्षरे ही पृष्ठभाग घासून पुन्हा झिलई दिल्याची चिन्हे होत. अशा झिलईने शस्त्र आकर्षक दिसते. परंतु त्यावरील पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून जुन्या शस्त्रावर हलका तेलाचा हात देण्यापलीकडे सहसा काही करू नये.

सुरक्षितता व कायदा : हाताळण्यापूर्वी सर्व कप्पे रिकामे असल्याची खात्री करावी. या नमुन्यात खाली टेकलेल्या घोड्याचे टोक काडतुसावर येऊ शकते. म्हणून घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवून पाचच काडतुसे भरण्याची रीत पडली. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनविलेले शस्त्र पुराणशस्त्र मानले जाते. त्यामुळे निर्मितिवर्षाच्या निश्चितीस कायदेशीर महत्त्वही आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार केवळ जुनेपणामुळे सूट मिळत नाही. दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणाऱ्या पुराणशस्त्रांनाच ती लागू होते.