तबेल्याचं माप कोणाचं?

माहुलमध्ये बसून आज आपण घोड्याच्या ठाणाविषयी बोलणार आहोत. ठाण म्हणजे तबेल्यातली एका घोड्याची जागा. मुंबईत तबेला म्हटलं की आपल्याला म्हशी आठवतात, पण घोडे या शहराला नवे नाहीत. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 सालचं. व्हिक्टोरिया तर परवापरवापर्यंत धावत होत्या. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा हे घोडे कुठे आणि कसे ठेवले जातात हाही मुद्दा पुढे आला होता.

तर प्रश्न असा, की चांगलं ठाण कोणतं? फरशी चकचकीत आहे म्हणून? रंग नवा आहे म्हणून? आपण एकच कसोटी धरू: ज्या ठाणात घोडा निर्धास्तपणे आडवा होतो, ते चांगलं.

आता कुणी म्हणेल, घोडा तर उभ्यानेच झोपतो. अर्धं खरं आहे. त्याच्या पायांतले स्नायुबंध असे असतात, की तो उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. पण झोपेचा एक टप्पा असा आहे, ज्यात सगळं अंग सैल पडतं. तो आडवं झाल्याशिवाय येत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तासच, पण तेवढा लागतोच. तो मिळाला नाही तर घोडा उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळतो. आणि घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. आडवं होणं म्हणजे त्याच्यासाठी जोखीम. जागेवर भरवसा बसल्याशिवाय तो ती घेत नाही.

हा भरवसा मापातून सुरू होतो. मोठ्या घोड्याला निदान बारा फूट बाय बारा फूट जागा हवी. जागा अरुंद असली तर लोळताना त्याचे पाय भिंतीला अडतात. मग त्याला उठता येत नाही आणि घाबरून तो स्वतःलाच जखमी करतो. आगाडी-पिछाडीने कायम जखडलेल्या घोड्याचं तर बोलायलाच नको. छत दहा-बारा फूट उंच हवं, कारण दचकला की तो मान वर झटकतो.

मग जमीन. ती घसरडी नको आणि ओलही नको. आपल्या कोकणपट्टीत चार महिने पाऊस. ओल्यात उभं राहून खुराचा तळ कुजतो. म्हणून दहा फुटांमागे एक-दोन इंच उतार ठेवावा आणि वर भाताच्या पेंढ्याचं नाहीतर लाकडाच्या भुशाचं जाड अंथरूण घालावं. ओला भाग रोज काढायचा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने त्याला घेता येत नाही. लघवीतून अमोनिया सुटतो. आपल्याला उभ्याने त्याचा वास फारसा जाणवत नाही. म्हणून तपासायचं असेल तर निजलेल्या घोड्याचं नाक जिथे येईल, तिथे खाली बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर ठाण नापास. उपाय साधा आहे: समोरासमोर खिडक्या आणि छताखाली गरम हवा निघून जायला फट.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगतो. दार चार फूट रुंद असावं आणि ते बाहेर उघडावं किंवा सरकावं. आत खिळा, हूक, धारदार कोपरा नको. खिडकीच्या गजांत खूर अडकता कामा नये. विजेची वायर त्याच्या दातांपासून लांब, आणि वैरणीचा मोठा साठा वेगळ्या छपराखाली, कारण आग तिथूनच पसरते. शिवाय शेजारचा घोडा दिसायला हवा. कळपातल्या प्राण्याला एकटं कोंडणं हीसुद्धा इजाच.

ब्रिटनमध्ये 1965 साली ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांसाठी किमान पाच गोष्टी मांडल्या: उठता यावं, निजता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत. किती साध्या! पण यात माप ठरतं ते राहणाऱ्याच्या शरीरावरून. बांधणाऱ्याची सोय नंतर येते.

आणि हे माहुलमध्येच का बोलायचं? घोड्याचं ठाण 144 चौरस फुटांचं. इथल्या प्रकल्पबाधितांच्या वसाहतीतली खोली 225 चौरस फुटांची, आणि तीत अख्खं कुटुंब. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. इथल्या हवेमुळे लोकांना इथे राहायची सक्ती करता येणार नाही, असं 2019 मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं. कागदावर त्या खोलीत दार, खिडकी, नळ सगळं आहे. पण आपली कसोटी तिलाही लावून पाहू. खाली बसून श्वास घेतला तर काय जाणवतं? माणूस तिथे निर्धास्त आडवा होतो का?

घोड्याला तक्रार करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण माप घेतो. माणसाला करता येते. मग ती ऐकायची तयारी तरी आपली असावी.