रक्ताचा आकडा कसा वाचावा?

श्रोतेहो, रक्ततपासणीचा कागद हाती आला की नुसता आकडा वाचू नका. माणसाचे वय पाहा, बाई की पुरुष तेही पाहा. दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन पुरुषाचे १३, बाईचे १२ आणि गरोदरपणी ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर रक्त कमी समजावे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल, हिवताप ही त्याची नेहमीची कारणे. पण प्रत्येक फिका चेहरा त्यांच्याच खाती मांडू नये. रक्ताच्या कर्करोगातही रक्त उतरते. पांढऱ्या पेशी बहुधा बेसुमार वाढतात आणि रक्त गोठवणाऱ्या घटतात. लहान मुलांतला त्याचा प्रकार २ ते ५ वर्षांच्या वयात अधिक, मुलींपेक्षा मुलग्यांत थोडा जास्त.

गुरुजी, पोर फिकट दिसते, ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात? मग शक्तीच्या गोळ्यांवर थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात सगळ्या पेशींची मोजणी करवा. वेळेवर उपचार मिळाले तर अशी मुले पुष्कळदा पूर्ण बरी होतात.