माळरानावरची मोजदाद

बुद्धपौर्णिमेच्या रात्री नान्नजच्या माळरानावर पाणवठ्यांजवळ जागून काळवीट, लांडगे, कोल्हे यांची नोंद करण्याचा प्रघात आहे. हा आकडा वृत्तपत्रांत आला, की वाचक त्यालाच अभयारण्यातील प्राणिसंख्या समजतो. वस्तुतः तो केवळ दिसलेल्यांचा आकडा होय. एकच कळप दोन पाणवठ्यांवर गेला, तर तो दोनदा मोजला जातो. शेतातील पाटाचे पाणी पिऊन परतला, तर एकदाही नाही.

न दिसलेल्यांचा हिशेब मांडण्याची रीत निराळी आहे आणि ती शाळेतल्या त्रैराशिकापलीकडची नाही. समजा, हिप्परग्याच्या तलावावर १०० बदके पकडून त्यांच्या पायांत कडी घातली व ती सोडून दिली. काही दिवसांनी ८० पकडली, त्यांत कडीवाली १० निघाली. म्हणजे आठांत एक. तेव्हा एकूण बदके सुमारे ८००. डेन्मार्कचे पीटरसन यांनी माशांच्या अभ्यासात, तर अमेरिकेचे लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांसाठी हेच गुणोत्तर वापरले. मात्र कडी गळता कामा नयेत, खुणेचे पक्षी थव्यात मिसळले पाहिजेत आणि मधल्या काळात कोणी येता-जाता कामा नये. हिवाळी पाहुण्यांकडून ही शेवटची अट पाळली जाणे कठीणच! वाघाला पट्ट्यांची जन्मजात खूण असते. म्हणून २००६ च्या देशव्यापी गणनेत पाऊलठसे मागे पडून छायाचित्रे पुढे आली.

माळढोकाच्या बाबतीत मात्र हे गणितच अडते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे आली, शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. तेव्हा ‘पक्षी आहेत तरी किती?’ असे शेतकऱ्याने विचारणे गैर नव्हते. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. आज तेथे एखादा माळढोक दिसणे हीच बातमी ठरते. इतक्या थोड्या पक्ष्यांना पकडून खुणा करणे धोक्याचे. आणि दुसऱ्या फेरीत खुणेचा एकही न आढळल्यास छेदस्थानी शून्य येते. ज्वारीच्या उभ्या पिकात शिरलेला पक्षी मनोऱ्यावरून दिसतही नाही. म्हणून ‘एकही आढळला नाही’ असे छापताना किती माळ, किती दिवस आणि किती जणांनी पाहिला, हेही त्याच ओळीत छापावयास हवे.