एक जादा 'टु'

प्रथम वर्षाला असताना निबंधात मी 'वडिलांनी मला शिकविले' याचे इंग्रजी 'माय फादर टॉट मी' असे केले. सरांनी विचारले, "वडील शिक्षक आहेत का?" वर्ग हसला. माझे वडील सहीच्या जागी अंगठा उठवितात. मराठीत 'शिकणे'चे 'शिकविणे' झाले, की धडा देणारा आणि शाळेत घालणारा असे दोघेही त्यात मावतात. इंग्रजीत करविण्यासाठी बहुधा निराळे क्रियापद लागते. म्हणून मी दुरुस्ती केली : 'माय फादर मेड मी टु स्टडी.' सरांनी 'टु'वरही तांबडी रेघ मारली!

मेक, लेट, हॅव यांच्यापुढे कर्म आणि मग नुसते मूळ क्रियापद येते : 'मेड मी स्टडी', 'लेट मी गो'. गेट, फोर्स, अलाउ यांना मात्र 'टु' हवाच. हेल्पला दोन्ही चालतात. खरी मेख पुढेच आहे. मेकचा कर्मणी प्रयोग केला, की गाळलेला 'टु' परत येतो : 'आय वॉज मेड टु स्टडी.' आमच्या वर्गातले निम्मे तरी येथेच घसरतात, मीही घसरलो.

शिवाय अर्थाचा प्रश्न उरतोच. 'मेड'मध्ये सक्ती आहे, 'गॉट'मध्ये मन वळविणे. दहावीनंतर मी कामाला जातो म्हणत होतो, तेव्हा वडील रागावले नाहीत. मजुरी बुडवून अकरावीच्या फॉर्मच्या रांगेत माझ्या आधी जाऊन उभे राहिले. वहीत मी शेवटी लिहिले : 'माय फादर गॉट मी टु स्टडी.' या वेळी 'टु' तसाच राहिला.