बावन्न आठवड्यांचा मक्ता

२६ ऑगस्ट २०१९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या आर्थर अ‍ॅश स्टेडियममध्ये, हरियाणातील झज्जर जिल्ह्यातल्या जैतपूर गावी जन्मलेला बावीस वर्षांचा सुमित नागल जेव्हा रॉजर फेडररसमोर उभा राहिला, आणि पाच वेळा अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकलेल्या त्या महापुरुषाकडून पहिला सेट त्याने ६-४ असा काढून घेतला, तेव्हा इकडे भारतात उजाडले होते, आणि एरवी टेनिसशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही अशा घरांतूनही सकाळच्या चहाबरोबर त्याचे नाव घेतले जात होते. पुढचे तीन सेट फेडररने ६-१, ६-२, ६-४ असे जिंकले आणि सामना रीतीप्रमाणे संपला. तथापि नागल म्हटले की आपल्याकडे अद्याप तोच एक सेट आठवतो. मला हे फारसे न्याय्य वाटत नाही. त्या रात्रीपूर्वी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून त्याने ते मैदान गाठले होते, आणि ते सामने पाहायला कोणी पहाटे उठलेले नव्हते.

त्याचे वडील शिक्षक. घराण्यात टेनिसची परंपरा नाही. दहा वर्षांचा असताना दिल्लीत महेश भूपती यांच्या प्रशिक्षण योजनेच्या निवड चाचणीला हा मुलगा गेला आणि त्याने थेट भूपतींचा हात धरून 'माझा खेळ पाहा' अशी गळ घातली, ही हकीकत त्यानेच पुढे अनेकदा सांगितली आहे. २०१८ सालापर्यंत भारतातून ग्रँड स्लॅम एकेरीचा विजेता घडवावयाचा, असा त्या योजनेचा संकल्प होता. संकल्प भव्य होता. योजना मात्र मुदतीपूर्वीच आटोपली. मुलगा मग कॅनडात आणि तेथून जर्मनीत गेला. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नामसह त्याने विम्बल्डनचे कुमार दुहेरीचे विजेतेपद मिळवले. परंतु कुमारवयातील कीर्ती व्यावसायिक टेनिसच्या दप्तरात जमेस धरली जात नाही. तेथे खाते पुन्हा शून्यापासून उघडावे लागते.

या दप्तराची रीत सामान्य वाचकाने समजून घेण्याजोगी आहे, कारण खेळाडूचे अवघे आयुष्य तिच्यावर बेतलेले असते. ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला २,००० गुण मिळतात. त्याखाली एटीपीच्या स्पर्धा, त्याखाली चॅलेंजर, आणि सर्वांच्या तळाशी, खेळाडू अजूनही ज्यांना जुन्या सवयीने फ्युचर्स म्हणतात, त्या लहान स्पर्धा. त्यांतील सर्वांत लहान स्पर्धेत सर्व खेळाडूंसाठी मिळून १५,००० डॉलर ठेवलेले असतात, आणि लागोपाठ पाच सामने जिंकून विजेता झालेल्या मुलाच्या पदरात १५ गुण पडतात. मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळणार की नाही, मिळाला तर थेट की पात्रता फेरीतून, हे सारे गुणांच्या बेरजेवर ठरते. येथवर सर्व यथान्याय वाटते. मेख पुढे आहे. मिळवलेला प्रत्येक गुण बावन्न आठवड्यांच्या मुदतीचा असतो. मुदत भरली की तो आपोआप वजा होतो. म्हणजे गेल्या वर्षी याच आठवड्यात जे कमावले तेवढे या वर्षी पुन्हा कमावले, तर खेळाडू जागच्या जागी राहतो. आणि या वर्षी पाय मुरगळला, ताप आला, किंवा केवळ दैव फिरले, तर तो खाली घसरतो. आपल्याकडच्या वतनदारांची वतने खालसा होत, तेव्हा निदान सरकारचा हुकूम तरी यावा लागे. येथे हुकूम लागत नाही. सोमवार उजाडला की पुरते.

फेडररबरोबरच्या सामन्यानंतर नागलने ब्युनोस आयर्सची चॅलेंजर जिंकली. २०२० मध्ये अमेरिकन ओपनमध्ये ब्रॅडली क्लानला हरवून, पुढे त्या वर्षीचा विजेता ठरलेल्या डॉमिनिक थीमशी गाठ घेतली. टोकियो ऑलिंपिकमध्ये डेनिस इस्तोमिनला हरवून, १९९६ च्या लिअँडर पेसनंतर ऑलिंपिक एकेरीत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. खेळाडू बिछान्यावर पडून असतो, आणि दप्तरातील सोमवार मात्र थांबत नाहीत. २०२३ साल उजाडले तेव्हा त्याचा क्रमांक पाचशेच्या पलीकडे गेला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात एका मुलाखतीत त्याने आपला जमाखर्च निःसंकोच मांडला, आणि मला तो फेडररच्या सेटपेक्षा अधिक बोधप्रद वाटतो. वर्षभरात त्याने २४ स्पर्धा खेळून सुमारे ६५ लाख रुपये मिळवले होते. त्यांतील सर्वांत मोठी रक्कम, सुमारे १८ लाख, अमेरिकन ओपनची होती, जेथे तो पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरला होता! म्हणजे दोन चॅलेंजर स्पर्धा, एक रोमला आणि एक फिनलंडमधील ताम्पेरेला, जिंकूनही त्यांतील कोणतीच मिळकत त्या एका पराभवाच्या बिदागीची बरोबरी करू शकली नाही. उलटपक्षी, वर्षभर दौऱ्यावर टिकावयाचे तर खर्च ८० लाख ते १ कोटी. तोही एकच प्रशिक्षक बरोबर घेऊन, फिजिओ न ठेवता. बक्षिसाची रक्कम आणि इंडियन ऑइलमधील नोकरीचा पगार सारा त्यातच जिरला, आणि बँकेत शिल्लक राहिले ९०० युरो, सुमारे ८० हजार रुपये. भारतात एकेरीत त्याच्या वरचा खेळाडू तेव्हा कोणी नव्हता.

हा खर्च जातो कोठे, हे पुणेकरांना बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, जेथे २०१८ ते २०२३ या काळात भारतातील एकमेव एटीपी स्पर्धा होत असे, थोडेफार पाहता आले असते. मुख्य कोर्टाकडे न जाता गटिंगचे यंत्र जेथे मांडलेले असते तेथे उभे राहावे. कारागीर रॅकेट चिमट्यांत आवळतो, तार एकदा वरून, एकदा खालून ओवत नेतो, खेळाडूने सांगितलेल्या पौंडांइतका ताण देतो, आणि गटिंग झालेली रॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवून बाजूला ठेवतो. सामन्यात पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात; बहुतेक खेळाडू त्याच वेळी पिशवी फोडून नवी रॅकेट बाहेर काढतात. सामना हरला तरी गटिंगचे पैसे मोजावेच लागतात. विमानाचे भाडे, हॉटेल, प्रशिक्षकाचा मुशाहिरा हे मोठे आकडे सर्वांना सुचतात. मला ती पिशवी आठवते.

जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला जाताना त्याचा क्रमांक १३७ होता. पाकिस्तानातील डेव्हिस चषकाची लढत गवतावर होती, ती खेळण्यास त्याने नकार दिला होता. राष्ट्रीय संघटनेनेही ऑस्ट्रेलियन ओपनच्या आशियाई वाइल्ड कार्ड स्पर्धेसाठी त्याचे नाव पाठवले नव्हते. उभय पक्षांकडे आपापली कारणे होती. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. थेट प्रवेश नसल्याने पुन्हा पात्रतेचे तीन सामने जिंकावे लागले. मग पहिल्या फेरीत ३१ वे मानांकन असलेला कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक समोर आला आणि ६-४, ६-२, ७-६ असा हरला. १९८९ मध्ये त्याच स्पर्धेत रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला नमवले होते, त्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा भारतीय पुरुष निघण्यास पस्तीस वर्षे लागली. दुसऱ्या फेरीत तो चीनच्या शांग जुनचेंगकडून हरला. पण १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आपले जवळजवळ ९८ लाख, हाती आले. चार महिन्यांपूर्वीची ती ९०० युरोंची शिल्लक वाचकाने स्मरावी.

पुढचे सहा महिने भरभराटीचे गेले. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर एकही सेट न गमावता जिंकून तो पहिल्या शंभरांत शिरला, एप्रिलमध्ये माँटे कार्लोला, जूनमध्ये हाइलब्रॉनला यश मिळाले, आणि जुलैत क्रमांक ६८ वर पोहोचला. आणि मग, अर्थातच, मुदती भरू लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला पहिल्याच फेरीत पराभव. फेब्रुवारीत चेन्नईचे विजेतेपद दुसऱ्याकडे. जूनमध्ये हाइलब्रॉनचे गुण गेले तेव्हा तो दोनशेच्या पलीकडे होता. या घसरणीची चर्चा आपल्याकडे 'त्याचा खेळ उतरला' एवढ्या एका वाक्यात उरकली गेली. खेळ काही अंशी उतरलाही असेल. पण सहा महिने एखाद्याने कमालीचे चांगले खेळावे याची सजा त्याला बरोबर एका वर्षाने भोगावी लागते, ही या व्यवसायाची रचनाच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे डेव्हिस चषकाची लढत झाली. नागलने पहिल्या दिवशी मार्क-आंद्रेआ ह्युस्लरला आणि दुसऱ्या दिवशी हेन्री बर्नेटला हरवले, भारताने लढत ३-१ अशी जिंकली, आणि युरोपातील यजमान संघाला त्याच्या भूमीवर हरवण्याचा प्रसंग १९९३ नंतर प्रथमच आला. त्या वेळी फ्रान्सविरुद्धच्या संघात पेस आणि रमेश कृष्णन होते. डेव्हिस चषकातील विजयाला क्रमवारीचे गुण मिळत नाहीत. बीलची लढत संपली त्या दिवशी शनिवार, तारीख १३ होती. सोमवारी दप्तर उघडले तेव्हा त्या दोन सामन्यांपोटी नागलच्या खात्यावर एकही गुण जमा झालेला नव्हता.