आधी लिहून ठेवलेली उत्तरं

कोवलम म्हटलं की आपल्याला केरळचा किनारा आठवतो. पण चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरही याच नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथून केळंबाक्कमचा रस्ता धरला की मिठागरं आणि बॅकवॉटर मागे टाकत आपण थेट चेन्नईच्या आयटी पट्ट्यात पोचतो. सिरुसेरीचं सिपकॉट आयटी पार्क याच पट्ट्यात आहे. अशा ठिकाणी कॉम्प्युटर शेकड्यांनी येतात आणि प्रत्येकावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवताना तेच प्रश्न समोर येतात: भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, पहिला वापरकर्ता कोण? एका मशीनपुरतं हे काम किरकोळ आहे. शंभर मशीनसाठी शंभरदा उत्तरं द्यायची म्हटलं, की ती एकसारखी राहत नाहीत. माणसाशिवाय चालणाऱ्या इन्स्टॉलेशनची थोरवी वेळ वाचण्यात आहे, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते ती दुय्यम गोष्ट आहे. संस्थेला आपले निर्णय आधी ठरवून लिहून ठेवावे लागतात, हा या पद्धतीचा खरा लाभ.

कोऱ्या मशीनला मुळात सुरुवात कुठून करायची हेही ठाऊक नसतं. ती सोय पीएक्सई या इंटेलच्या पद्धतीने 1999च्या सुमारास रूढ केली. मशीन सुरू होताच त्याचं नेटवर्क कार्ड ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतं. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि कोणती फाइल उचलायची तेही सांगतो. मग टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने ती छोटी फाइल येते, तिच्या मागोमाग इन्स्टॉलर येतो आणि इन्स्टॉलर उत्तरांची फाइल मागतो. रेड हॅटच्या जगात या फाइलला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, तर विंडोजमध्ये ती एक्सएमएल रूपात असते.

डेबियनचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण चेन्नईच्या सी-डॅकने उभी केलेली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, डेबियनच्याच पायावर आहे. तिची पहिली आवृत्ती 2007 साली आली आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. डेबियनच्या प्रीसीड फाइलमधली एक ओळ देवनागरीत लिहिली तर अशी दिसेल: ‘डी-आय टाइम/झोन स्ट्रिंग एशिया/कोलकाता’. ओळीचे तुकडे चार. प्रश्न कोण विचारतो, प्रश्नाचं नाव काय, उत्तराचा प्रकार कोणता आणि उत्तर काय. ही ओळ कुणालाही वाचता येते, तिच्यावर हरकत घेता येते, ती कुणी आणि कधी बदलली याची नोंद ठेवता येते. तंत्रज्ञाच्या बोटांत असलेली सवय अशी तपासता येत नाही.

यावर पहिला आक्षेप हार्डवेअरवाल्यांचा असतो: एवढा खटाटोप कशाला, एक मशीन नीट तयार करा आणि बाकीच्यांवर ‘घोस्ट मारा’, म्हणजे त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, इमेज, उतरवा. सगळी मशीन एकाच नमुन्याची असतील तर हे म्हणणं रास्त आहे. पण इमेज म्हणजे फक्त परिणाम. तो कोणत्या निर्णयांतून आला हे तिच्यात उघड दिसत नाही. शिवाय काळजी घेतली नाही, तर एसएसएचच्या गुप्त किल्ल्यांसारख्या ज्या गोष्टी प्रत्येक मशीनच्या वेगळ्या असायला हव्यात, त्याही जशाच्या तशा उतरतात. आणि शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये मशीन एका नमुन्याची सहसा नसतातच. जुन्या मशीनची डिस्क ‘एसडीए’ नावाने दिसते, नव्याची ‘एनव्हीएमई0एन1’ नावाने. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना कधी तो पेनड्राइव्हच ‘एसडीए’ होऊन बसतो. उत्तरांच्या फाइलमध्ये डिस्कचं नाव ठोकून बसवलं असेल, तर इन्स्टॉलेशन तिथेच अडतं, नाहीतर भलत्याच डिस्कवर घाव बसतो. कोलोन विद्यापीठातल्या थोमास लांगे यांनी 1999 साली सुरू केलेल्या ‘फाय’ या साधनाने यावर चांगली वाट काढली. त्यात प्रत्येक मशीनला वर्ग जोडले जातात: हे लॅबचं, हे सर्व्हरचं, याला अमुक ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक वर्गाचे निर्णय एकदाच लिहायचे. डिस्कलाही ‘डिस्क1’ म्हणायचं, म्हणजे त्या मशीनवर सापडलेल्या यादीतली पहिली. सगळ्यांना समान काय आणि कुणाचं वेगळं काय, हे अशा मांडणीत आपोआप स्पष्ट होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका माणसाची चूक एक मशीन बिघडवते. लिहिलेली चूक सगळी बिघडवते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली. ते इन्स्टॉलेशन नव्हतं, पण धोका त्याच जातीचा. म्हणून उत्तरांची फाइल आधी एका मशीनवर, मग दहांवर चालवून पाहणं ही शिस्त हवीच. मात्र त्या घटनेची दुसरी बाजूही पाहावी. असंख्य ठिकाणी माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन दुरुस्ती करावी लागली. मायक्रोसॉफ्टने आपल्या दुरुस्ती-साधनात पुढे पीएक्सईचा मार्गही जोडला. चूक एकदम पसरते, तशी दुरुस्तीही एकदम पसरवता यायला हवी. ज्याने आपले निर्णय लिहून ठेवलेत, त्यालाच ते जमतं.

उरतो लहान संस्थांचा प्रश्न: वीस मशीनच्या शाळेला हे कशाला? तासांचा हिशेब केला तर कदाचित फायदा दिसणार नाही. पण अशा शाळेत कॉम्प्युटर सांभाळणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिची बदली झाली की लॅबचं सगळं ज्ञान तिच्याबरोबर जातं. दोन पानांची फाइल मागे राहिली, तर पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. म्हणून जनतेच्या पैशातून कॉम्प्युटर घेताना निविदेत एक कलम वाढवावं: यंत्रांसोबत, ती पुन्हा पहिल्यापासून उभी करता येतील अशी उत्तरांची फाइल आणि ती चालवून दाखवल्याची नोंद द्यावी. वॉरंटी काही वर्षांत संपते. ही फाइल दर नव्या खरेदीत दुरुस्त होत शाळेपाशीच राहील.