बारा मतांची करामत

इंटरनेटवरील अनेक छायाचित्रस्पर्धांत प्रेक्षक १ ते १० गुण देतात व सरासरीवरून क्रमांक लागतो. समजा, १०० जणांनी ‘अ’ चित्राला प्रत्येकी ७ आणि ‘ब’ला ६ गुण दिले. ‘अ’ १०० गुणांनी पुढे! मग १२ जणांच्या गटाने संगनमत करून ‘ब’ला १० व ‘अ’ला १ गुण दिला. दर मतामागे ९ गुणांचा फरक, एकूण १०८! सरासरी झाली: ‘अ’ ६.३६, ‘ब’ ६.४३. शंभरांचा कौल बारा जणांनी फिरविला.

यावर उपाय? गुण चढत्या क्रमाने मांडून मधला गुण, म्हणजे मध्यक, घ्यावा. तो ‘अ’चा ७ व ‘ब’चा ६ असाच राहतो. सरासरीत टोकाच्या मताला अवाजवी वजन मिळते, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले होते.

मध्यकाला चकविण्यासाठी किती जणांचा गट लागेल? गणित करून पाहा!